हिरवा ठिपका लावला म्हणून मद्य आपलं होत नाही



गेल्या पंधरवड्यात आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आमंत्रण फिरलं. नाशिक जिल्ह्यातली एक छोटी वायनरी आपली नवी रेड वाइन बाजारात आणते आहे. वायनरी आपल्याच समाजातल्या कुटुंबाची. २०२३ च्या हंगामातली शिराझ द्राक्षं, लाकडी पिंपात मुरवलेली, मोजक्याच बाटल्या. आमंत्रणावर ठळक अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी’ आणि शेजारी हिरवा ठिपका. त्याखाली ‘निव्वळ द्राक्षांचा रस’. त्याखाली ‘शेतकऱ्याच्या कष्टाला दाद द्या’. आणि सगळ्यात शेवटी, गजपंथा आणि मांगीतुंगीच्या यात्रेला येणाऱ्या भगिनींसाठी परतीच्या वाटेवर वाइन चाखण्याचा खास कार्यक्रम. कांदा-लसूण नसलेल्या जैन भोजनाची सोय, तीही सूर्यास्तापूर्वी.

सूर्यास्तापूर्वी! म्हणजे रात्रिभोजनाचा दोष लागू नये याची काळजी घेतली आहे, आणि ताटाशेजारी मद्याचा पेला ठेवला आहे.

ग्रुपवर आधी अभिनंदनाचे हात जोडले गेले, मग दोघीतिघींनी ‘यात्रेत हेही पाहून येऊ’ असं लिहिलं. मी ‘मी येणार नाही, आणि मंडळाच्या नावाने कुणी जाऊ नये’ असं लिहिलं. त्यावर एका जाऊबाईंनी मला कर्मठ म्हटलं, आणि एका भाचीने विचारलं, “काकू, शाकाहारी आहे, मग अडचण काय?” भाचीचा प्रश्न प्रामाणिक होता. तिला ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. त्या कुटुंबाशी माझं वैर नाही. कायद्याने परवाना आहे, त्यांनी व्यवसाय करावा. जगात कोण काय पितं याची चौकी करायला मी बसलेली नाही. माझा विरोध एकाच गोष्टीला आहे. मद्याला आपल्या चौक्यातले शब्द नेसवून आपल्याच दारात आणायला.

आता शाकाहाराचं बघू. ते अगदी खोटं आहे असं नाही. वाइन तयार झाल्यावर गढूळ असते. ती निवळावी म्हणून त्यात काहीतरी घालतात, त्याला चिकटून गाळ खाली बसतो. रेड वाइनसाठी जुनी रीत अंड्याच्या पांढऱ्या बलकाची. इतर ठिकाणी जिलेटिन वापरतात, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं. काही वाइनमध्ये माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात, काहींत दुधातलं केसिन. याला पर्याय म्हणून काही वायनऱ्या बेंटोनाइट नावाची माती वापरतात, किंवा काहीच न घालता वाइन नुसती बसू देतात. या वायनरीचं म्हणणं आहे की त्यांनी अंडं वापरलेलं नाही. मी विश्वास ठेवते. हिरवा ठिपका खरा.

पण श्रावकाचे आठ मूलगुण आठवा. पाठशाळेत आपण ते बोटांवर मोजत पाठ केले. मद्य, मांस, मधु हे तीन मकार आणि पाच उदुंबर फळं, यांचा त्याग. यात मांस वेगळं सांगितलं आहे आणि मद्य वेगळं. मांस नसणं एवढंच पुरेसं असतं, तर आचार्यांनी मद्याचं नाव वेगळं कशाला घेतलं असतं? सप्तव्यसनांतही तसंच, मांस एक आणि मद्य दुसरं. मद्य शाकाहारीच असतं. महुआ शाकाहारी, ताडी शाकाहारी, उसाच्या मळीची दारू शाकाहारी. हे आचार्यांना माहीत नव्हतं असं कुणाला वाटतं का? माहीत होतं म्हणूनच वेगळं नाव घेतलं.

अमृतचंद्राचार्यांचा ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ आपल्याकडे स्वाध्यायात वाचला जातो. त्यात मद्याविरुद्ध दोन कारणं सांगितली आहेत. एक, मद्य मनाला मोहात टाकतं, मोहात पडलेलं मन धर्म विसरतं, आणि धर्म विसरलेला माणूस बेधडक हिंसा करतो. दोन, मद्य हे रसात जन्मणाऱ्या असंख्य जीवांचं जन्मस्थान आहे, म्हणून ते पिणाऱ्याला हिंसा लागतेच. हिरवा ठिपका या दोन्हींपैकी कशाचंही उत्तर देत नाही. विचारलेलाच नाही असा प्रश्न तो सोडवतो.

‘निव्वळ द्राक्षांचा रस’ हा दुसरा दावा. आपण बायका स्वयंपाकघरातल्या, तेव्हा कृती विचारू या.

रेड वाइनसाठी काळी द्राक्षं देठ काढून सालीसकट चेंगरतात, कारण रंग सालीत असतो. वाइनची द्राक्षं सहसा धुतही नाहीत. तुम्ही-आम्ही द्राक्षांचा घड मिठाच्या पाण्यातून काढतो, मणी न् मणी पाहतो. तिथे घडातली मुंगी, कोळी, किडा जे राहिलं असेल ते त्याच चिरड्यात जातं. मग त्यात यीस्ट. हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि अल्कोहोल सोडतात, आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत कोट्यवधी होतात. रस अक्षरशः उकळल्यासारखा फसफसतो. वर तरंगणारी साल दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात. आठ-पंधरा दिवसांनी साखर संपते, अल्कोहोल वाढतं, आणि ते जीव त्यातच मरून तळाशी गाळ होऊन बसतात. त्यानंतर रेड वाइनमध्ये बहुधा दुसरी फेरी असते, जिवाणूंची. ते तिची तीव्र आंबट चव सौम्य करतात. मग पिंपात महिनोन् महिने. बाटलीत भरताना गंधकाचा अंश घालतात, का तर उरलेसुरले जीव पुन्हा वाढू नयेत.

ही कृती वाईट माणसांची आहे असं मी म्हणत नाही. जगभर वाइन अशीच होते. पण याला ‘निव्वळ रस’ म्हणू नका. आपल्याकडे पिठालाही मर्यादा असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. लोणचं मर्यादेतलं घालणाऱ्या सासवा आपण पाहिल्या आहेत. चव पालटली, वास पालटला, की पदार्थ चलितरस झाला, अभक्ष्य झाला. आणि इथे चव पालटणं हाच सगळा खटाटोप आहे, जितकी पालटेल तितकी किंमत जास्त. मर्यादा ओलांडलेलं पीठ टाकणाऱ्या हाताने दोन-तीन वर्षांपूर्वीच्या द्राक्षांचा फसफसलेला रस ओठाला कसा लावायचा?

यावर हमखास येणारा प्रश्न मला ठाऊक आहे. दही आंबतं, इडलीचं पीठ आंबतं, पावात यीस्ट असतं, मग वाइननेच काय घोडं मारलं? प्रश्न योग्य आहे. म्हणूनच आपल्याकडे दह्याला मर्यादा घातली, आणि पाळणाऱ्या घरांत पाव येत नाही, इडली-डोश्याचं पीठ रात्रभर आंबवत नाहीत. सगळ्याच घरांत एवढं पाळलं जात नाही, हेही खरं. पण एक पायरी निसटली म्हणून सगळा जिना उतरायचा का? शिवाय दही खाऊन कुणाची शुद्ध हरपल्याचं तुम्ही ऐकलंय? आसव-अरिष्टांचंही तेच. द्राक्षासवात आंबण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, म्हणून कित्येक घरांत वैद्यांना आधीच सांगतात, ‘चूर्ण द्या, काढा द्या, आसव नको.’ जिथे औषधालाही पर्याय मागायची आपली रीत, तिथे हौसेला कोणती सवलत?

आता पहिलं कारण, मनाच्या मोहाचं. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे, हलकी असते’ हे वाक्य लग्नकार्यांत आता सर्रास ऐकू येतं. मैत्रिणींनो, आपण घरखर्चाचा हिशेब पैशापर्यंत करतो, हाही करून बघा. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. तिचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे शुद्ध अल्कोहोल सुमारे १० ग्रॅम. रेड वाइन १३ टक्क्यांची धरली आणि १५० मिलीचा एक ग्लास घेतला, तर १५ ग्रॅम. म्हणजे तो ‘हलका’ ग्लास दीड पेगाएवढा झाला. पेला सुबक आणि रंग डाळिंबासारखा असला म्हणून हिशेब बदलत नाही. आणि आपल्या शरीरात पुरुषांपेक्षा पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच ग्लासाने स्त्रीच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं.

‘हृदयाला चांगली’ हेही त्याच आमंत्रणाखाली कुणीतरी चिकटवलं होतं. रेड वाइनमधल्या ज्या रेझवेराट्रॉलचा एवढा गाजावाजा झाला, ते तिच्यात लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. ते काळ्या द्राक्षाच्या सालीत असतं, शेंगदाण्यातही असतं. मूठभर द्राक्षं आणि मूठभर शेंगदाणे खा, कुणी अडवलंय? दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. मद्याने होणाऱ्या कर्करोगांत स्त्रियांचा स्तनाचा कर्करोग आहे, आणि थोड्या प्रमाणातही धोका वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने स्पष्ट सांगितलं की मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. हे पत्रक कुठल्याच ग्रुपवर फिरलेलं माझ्या पाहण्यात नाही.

शेतकऱ्याचा मुद्दा मात्र मी असा उडवून लावणार नाही. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. खरड छाटणी, फळछाटणी, विरळणी, डाऊनी आली की रात्री-अपरात्री फवारणी, आणि माल तयार असताना पडणारी गारपीट, हे मी अंगणातून पाहिलं आहे. बागेत हिंसा होत नाही असंही मी म्हणणार नाही. ती उद्योगी हिंसा, गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, तो ती कमी करत राहतो. पण ‘वाइन प्या म्हणजे द्राक्षवाला जगेल’ हे मला पटत नाही. वाइनला लागणारं शिराझ, कॅबर्ने हे बारीक मण्यांचं, बियांचं, जाड सालीचं द्राक्ष. आपल्या सांगली-तासगावकडे थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन पिकतं, ते खाण्याचं आणि बेदाण्याचं. गारपिटीने फुटलेल्या सोनाकाच्या मण्यांचं वायनरी काय करणार? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही पुढे शेतकरीच उभा केला होता. त्याच्या आडून काहीही विकता येतं.

द्राक्षवाल्याला खरंच हात द्यायचा असेल तर बेदाणा आहे. चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, रॅकवर पंधरा दिवसांत वाळतो, वर्षभर टिकतो आणि कुणाचं डोकं फिरवत नाही. शास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत रसवाणिज्य आहे, आणि मद्याचा व्यापार त्यातच येतो. म्हणजे द्राक्ष पिकवणं आणि द्राक्षाचं मद्य विकणं यांतली रेघ आपल्या पूर्वजांनी फार आधी ओढून ठेवली आहे. ती मी ओढलेली नाही.

आता त्या यात्रेबद्दल. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

मांगीतुंगीला आपण जातो ते सिद्धक्षेत्र म्हणून. पण तुंगीच्या डोंगराशी आणखी एक कथा जोडलेली आहे, आणि ती मद्याचीच आहे. भगवान नेमिनाथांनी सांगितलं होतं की बारा वर्षांनी मद्याच्या निमित्ताने आणि द्वैपायन मुनींच्या हातून द्वारका जळेल. श्रीकृष्णांनी नगरातलं सगळं मद्य बाहेर रानात नेऊन ओतवलं. ते दगडांच्या खळग्यांत साचून राहिलं. वर्षं गेली. ते मुरलं, जुनं झालं. एकदा तहानलेले यादवकुमार तिकडे गेले, पाणी समजून प्याले, बेभान झाले, आणि तपाला बसलेल्या द्वैपायनांना त्यांनी दगडांनी मारलं. मुनींच्या क्रोधात द्वारका भस्म झाली. उरले कृष्ण आणि बलराम. पुढे जरत्कुमाराच्या बाणाने कृष्णांचा अंत झाला. भाऊ गेला हे न मानता बलराम सहा महिने तो देह खांद्यावर घेऊन हिंडले, आणि शेवटी अग्निसंस्कार केला तो तुंगीवर.

त्या कुमारांनी तर नकळत घेतलं होतं. हौसेने नाही, तहानेने. आणि आपण तो डोंगर चढून, तिथे डोकं टेकवून, खाली उतरून बसमधून थेट मुरवलेलं मद्य चाखायला जायचं? ‘नुसता एक घोट, यात्रेची आठवण म्हणून’? मग त्या डोंगरावर आपण काय ऐकून आलो? गजपंथाच्या पायऱ्या चढताना ज्या बायका निर्जळ असतात, त्यांच्याच परतीच्या वाटेवर हा कार्यक्रम ठेवायचं ज्याला सुचलं, त्याला आपल्या श्रद्धेचं मोल चांगलं कळलं आहे. फक्त त्याने ते बाजारात लावलं.

हे आमंत्रण पुरुषांच्या ग्रुपवर आलं नाही, आपल्याच ग्रुपवर का आलं, याचाही विचार करा. विकणाऱ्याला ठाऊक आहे की आपल्या घरात काय येईल आणि काय येणार नाही, हे उंबऱ्यावर बाई ठरवते. मुलगा बाहेर चोरून पितो, पण घरात बाटली आणायला कचरतो, कारण आई आहे. एकदा आईने, काकूने, मंडळाच्या अध्यक्षबाईंनी हातात पेला धरून फोटो काढला, की त्या उंबऱ्याला काही अर्थ उरत नाही. ‘त्यात स्वातंत्र्य आहे’ असंही एकीने लिहिलं. आपल्या आज्ज्यांना बारा वर्षांच्या असताना लग्नात उभं केलं, शिक्षण दिलं नाही, ते बंधन होतं आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण त्याग हे बंधन नसतं, ते व्रत आपण स्वतः घेतो. कुणी दुसऱ्याने मोडून दिलेलं व्रत हे स्वातंत्र्य कसं होईल?

म्हणून माझं म्हणणं आहे की मंडळाने तीन गोष्टी ठरवाव्यात. मंडळाच्या किंवा यात्रेच्या नावाने कुणी अशा कार्यक्रमाला जाऊ नये आणि ग्रुपवर मद्याची आमंत्रणं येऊ नयेत. आपल्या घरच्या लग्न-साखरपुड्यात ‘फक्त वाइन आहे’ म्हणून लावलेला काउंटर दिसला, तर यजमानीणबाईंशी बाजूला जाऊन प्रेमाने पण स्पष्ट बोलावं. आणि पाठशाळेत मुलांना आठ मूलगुण नुसते पाठ न करवता मद्याचा त्याग वेगळा का सांगितला, ते समजावून सांगावं. नाहीतर उद्या प्रत्येक भाची विचारेल, ‘शाकाहारी आहे ना?’ आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

त्या कुटुंबालाही मी मंडळाकरवी निरोप पाठवला आहे. तुमच्याकडे जमीन आहे, पाणी आहे, द्राक्षातलं ज्ञान आहे. बेदाणा करा, मनुका करा, ताजी द्राक्षं पाठवा. आमच्या मंडळातल्या पन्नास घरांचा वर्षाचा बेदाणा तुमच्याकडून घेण्याची जबाबदारी माझी. मात्र वाइनच्या बाटलीसाठी आमचा हिरवा ठिपका आणि आमचा सूर्यास्त वापरू नका.

ज्या मैत्रिणी यात्रेला निघाल्या आहेत त्यांना शुभेच्छा. तुंगीवर पोहोचलात की ती कथा बरोबरच्या लहान मुलांना नक्की सांगा.

जय जिनेंद्र.